न भेटलेल्या मित्राच्या समाचाराला

मुलुंड आणि बोरिवली नकाशावर एकमेकांना पाठ लावून बसलेली दिसतात. मध्ये आहे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल. त्यामुळे मुलुंडच्या माणसाला बोरिवलीला जायचं असेल तर लोकलने आधी दादर गाठायचं, पूल ओलांडायचा आणि पश्चिम रेल्वेने पुन्हा उत्तरेकडे यायचं. नाहीतर ठाण्यावरून घोडबंदरचा वळसा घालायचा. जून २०१४मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा अंधेरी आणि घाटकोपर तेवढी जवळ आली. बाकी उपनगरांची आडवी अंतरं अजून अर्धा दिवस खातात. म्हणून मुंबईत दूरची मैत्री करायला कोणी न्यू जर्सीला असावं लागत नाही. एकाच महापालिकेत राहणारी दोन माणसं वर्षानुवर्षं रोज बोलतात. कधी पुस्तकांच्या ग्रुपवर, कधी ऑनलाइन बुद्धिबळात, कधी रात्री मोबाइलवरच्या गेममध्ये. तरी एकमेकांना समोरासमोर पाहिलेलं नसतं.

आणि मग एका रात्री पलीकडून दोनच शब्द येतात : ‘बाबा गेले.’

शेजारच्या विंगमध्ये कोणी गेलं तर काय करायचं हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. दाराबाहेर चपला जमतात. कोणीतरी न विचारता स्वयंपाकघरात शिरतं. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून बाजूच्या घरातून पिठलं-भाताचं पातेलं येतं. एक जण डॉक्टरांच्या दाखल्यामागे जातो, दुसरा गावच्या लोकांना फोन लावत बसतो. समाचाराला आलेला माणूस अर्धा तास बसतो, दोन वाक्यं बोलतो, निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही हे लक्षात ठेवून नुसता उठतो. ऑनलाइन मित्राला यातलं काहीही करता येत नाही. पातेलं पोचवता येत नाही, दाखल्यासाठी रांगेत उभं राहता येत नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्याला गप्प बसता येत नाही. खोलीत गप्प बसलेला माणूस दिसतो. फोनवर गप्प बसलेला माणूस नसल्यासारखाच. माझ्या मते दूरच्या मित्राला सोबत करण्यातली खरी अडचण एवढीच आहे, आणि या प्रकरणातला बाकीचा सगळा मजकूर तिच्यावरचा उपाय शोधण्यासाठी आहे.

त्याआधी एक शंका निकालात काढू. न पाहिलेल्या माणसाच्या दुःखात आपण पडावं का, आपला तेवढा अधिकार आहे का? मराठी वाचकाला तरी हा प्रश्न पडू नये. धारवाडला राहणाऱ्या, माणसांच्या गर्दीपासून कटाक्षाने दूर असणाऱ्या जी. ए. कुलकर्णींची मैत्री पत्रांवर चालली. सुनीता देशपांडे यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यातली सुनीताबाईंची पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या नावाने पुस्तकरूपात आली आहेत. ज्यांच्याशी आपण मनातलं बोलतो ती माणसं आपल्या खोलीत असतातच असं नाही, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे. अलीकडचं उदाहरण नॉर्वेतलं. मॅट्स स्टीन हा स्नायूंच्या दुर्धर आजाराने खुर्चीला खिळलेला तरुण नोव्हेंबर २०१४मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला. मुलगा एकटाच गेममध्ये बुडून जगला, याचं आईवडिलांना शल्य होतं. तो ब्लॉग लिहीत असे. वडिलांनी त्यावर निधनाची बातमी टाकली, आणि युरोपभरातून ईमेल यायला लागले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ‘इबेलिन’ या नावाने वावरणाऱ्या या मुलाने कोणाला नैराश्यातून बाहेर काढलं होतं, कोणा आईची तिच्या मुलाशी गाठ घालून दिली होती. काही सवंगडी अंत्यविधीला ओस्लोपर्यंत आले. २०२४मध्ये या गोष्टीवर माहितीपट निघाला आणि जगभर पाहिला गेला. नातं खरं आहे की नाही हे घरच्यांना माहीत असण्यावर ठरत नाही.

आता मुंबईकडे वळू. दुरून समाचार कसा घ्यायचा हा प्रश्न सगळ्या शहराला एकदमच पडला, तो २०२० साली. १७ मार्चला कस्तुरबा रुग्णालयात घाटकोपरच्या एका ६४ वर्षांच्या गृहस्थांचं निधन झालं. कोविडने झालेला महाराष्ट्रातला तो पहिला मृत्यू. आठवडाभरात लोकल थांबली. २४ मार्चच्या केंद्र सरकारच्या आदेशात अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, असं आलं. हे वीसही कागदावरच. मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात किंवा मुलुंड-दहिसरच्या जम्बो कोविड केंद्रांत माणूस गेला, तर घरची माणसं कित्येकदा स्वतःच विलगीकरणात अडकलेली असत. सर्वसामान्य प्रवाशांना लोकलमध्ये पुन्हा पाय ठेवता आला तो १ फेब्रुवारी २०२१ला, तोही ठरावीक वेळांतच. त्या दहा महिन्यांत सख्ख्या बहिणीही एकमेकींसाठी फोनवरच्या मैत्रिणी होऊन बसल्या.

मराठी घरांनी त्या काळात जे केलं ते फारसं जमलं नाही, असं माझं मत आहे. पहाटेपासून रात्री अकरापर्यंत फोन वाजत राहिले आणि ‘नेमकं काय झालं, कधी ॲडमिट केलं, ऑक्सिजन किती होता’ ही कहाणी घरातल्या एकाच माणसाला चाळीस वेळा सांगावी लागली. काहींनी झूमवर तेरावा केला. पडद्यावर साठ चौकोन, सगळे म्यूट, आणि कोणी आधी निघायचं हे कोणालाच कळेना. उलट घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती-कच्छी मंडळींनी जी वाट काढली, तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. त्यांच्यात ‘बेसणं’ असतं : ठरलेल्या दिवशी, बहुतेकदा दुपारी चार ते सहा, हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांत यायचं, फोटोला नमस्कार करायचा, थोडं बसायचं, निघायचं. त्याची नोंद गुजराती वर्तमानपत्रात येते. १८२२पासून निघणाऱ्या ‘मुंबई समाचार’च्या मरणनोंदी वाचल्याशिवाय या उपनगरांतल्या कित्येक आजोबांची सकाळ पुरी होत नाही. टाळेबंदीत त्या नोंदींमध्ये नवे शब्द दिसू लागले : ‘टेलिफोनिक बेसणं’. तारीख, वेळ आणि दोन-तीन मोबाइल क्रमांक.

वरवर पाहता ही नाइलाजाची सोय. पण नीट बघा, तिने काय वाचवलं ते. दुःखातल्या माणसाला ठाऊक आहे की आपल्याला चार ते सहा बोलायचं आहे आणि उरलेला दिवस आपला आहे. फोन करणाऱ्यालाही कळतं की आत्ता केला तर चालेल, तो आगाऊपणा होणार नाही. क्रमांक दोन-तीन असल्यामुळे सगळा भार एकाच्या गळ्यात पडत नाही. दुरून सोबत करणाऱ्याने पहिली गोष्ट उचलायची ती हीच, ठरलेली वेळ. ‘केव्हाही फोन कर’ हे वाक्य प्रेमाचं असतं, पण ते सगळं ओझं समोरच्यावर टाकतं. रात्री दोन वाजता ज्याला रडू येतं, तो ‘केव्हाही’ म्हणजे आत्ता का, याचा विचार करत बसतो आणि फोन ठेवून देतो. त्याऐवजी ‘मी रोज रात्री साडेनऊला एक मेसेज टाकेन. उत्तर दिलं नाहीस तरी उद्या पुन्हा टाकेन’ असं म्हणावं आणि मग ते खरोखर करावं. फोनवर गप्प बसायचं ते असं. तुम्ही काही मागत नाही, पण तुम्ही तिथे असता.

याच मुलखातल्या इतर परंपरांकडेही असंच शहाणपण आहे. कोकणातून मुंबई-ठाण्यात आलेले, घरी मराठी बोलणारे बेने इस्राएली घ्या. ज्यू परंपरेत मृत्यूनंतर जवळचे नातेवाईक सात दिवस घरात बसतात, आणि भेटायला येणाऱ्याने आपणहून बोलायला सुरुवात करायची नाही असा संकेत आहे. दुःखातला माणूस बोलला तर बोलायचं, नाहीतर नुसतं बसायचं. विषय कोणी काढायचा हे त्याच्या हातात. बोरिवली-अंधेरीच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन आणि इतर कॅथलिक घरांत महिना झाल्यावर पुन्हा प्रार्थना होते. ती ‘मंथ्स माइंड’. गर्दी पांगल्यावर माणसाकडे परत वळायचं, याची ही पक्की सोय आहे. आपल्याकडेही मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध आहेच. विधी कोणाला पटोत न पटोत, दुःखाला वेळापत्रक लागतं ही समज त्यांत आहे, आणि ती मानसशास्त्राच्या कितीतरी आधीची.

मानसशास्त्राने काय सांगितलं तेही पाहू, कारण त्यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट सगळ्यात चुकीची वापरली जाते. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार या पाच पायऱ्या एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९च्या आपल्या पुस्तकात मांडल्या. ते पुस्तक मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यावर होतं, मागे राहिलेल्यांवर नव्हे. मागे राहिलेल्यांना त्या पायऱ्या नंतर चिकटल्या. तुमच्या मित्राला ‘तू आता रागाच्या पायरीवर आहेस’ असं सांगणं म्हणजे त्याच्या बापाच्या मरणाची परीक्षा घेऊन गुण देण्यासारखं आहे. ते कृपया करू नका.

जास्त उपयोगी पडतं ते नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९मध्ये मांडलेलं चित्र. त्यांचं म्हणणं, शोकातला माणूस दोन टोकांमध्ये जा-ये करतो. कधी तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत, अनुपस्थितीत असतो. कधी नव्या व्यवहारात, म्हणजे बँकेत, ऑफिसात, कधी नुसत्या मजेतही. ही जा-ये आजार नव्हे, तोच सावरण्याचा मार्ग. ऑनलाइन मित्राला हे नक्की माहीत हवं, कारण त्याला दोन्ही टोकं एकाच चॅटमध्ये, एकाखाली एक दिसतात. सकाळी ‘मला जगावंसं वाटत नाहीये यार, घर खायला उठतं’, आणि संध्याकाळी सहाला क्रिकेटवरचं मीम. मित्र गोंधळतो : हा खरंच दुःखात आहे ना? आहे. मीमला हसा. सकाळचा विषय लगेच उकरून काढू नका. (सकाळच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मात्र हलक्यात घ्यायचा नाही, त्याकडे पुढे येतो.)

दुसरा एक निष्कर्ष आपल्या सवयीच्या अगदी विरुद्ध जातो. ‘रडून घे, मन मोकळं कर, म्हणजे हलकं वाटेल’ हा आपला ठाम समज. स्ट्रोबे आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये जोडीदार गमावलेल्यांचा अभ्यास केला. जे अधिक बोलले किंवा ज्यांना भावना लिहून काढायला लावल्या, ते त्यामुळे लवकर सावरले, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. बोलू नये असा याचा अर्थ नाही. ज्याला बोलायचं त्याला बोलू द्यावं. पण ज्याला नाही बोलायचं, त्याच्यामागे ‘आत साठवू नकोस’ म्हणून लागू नये.

मग आपण नुसतं ऐकून काय होतं? १९५३मध्ये लंडनमध्ये चॅड वारा या धर्मगुरूने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली, तीच पुढे समॅरिटन्स म्हणून जगभर पसरली. सल्ला द्यायला बसले होते ते स्वतः. त्यांची वेळ मिळेपर्यंत येणारे लोक बाहेरच्या खोलीत थांबत आणि तिथले स्वयंसेवक त्यांना चहा देत, ऐकत बसत. वारांच्या लक्षात आलं की कित्येकांना चहा पिऊन झाल्यावर आत यायची गरजच उरत नाही. पुढल्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांवर सोपवलं. तुम्ही समुपदेशक नाही याची खंत करू नका. बाहेरच्या खोलीतला माणूस व्हायला पदवी लागत नाही.

आता प्रत्यक्ष शब्दांकडे. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि हात जोडलेली इमोजी सोसायटीच्या ग्रुपवर ठीक. तिथे ती हजेरी असते. खाजगी चॅटमध्ये ती टाकली की दार लावल्यासारखं होतं. ‘खंबीर राहा, आता तूच घरातला मोठा’ हे वाक्य मी तर बंदच करायला निघालो असतो. बाप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पंचविशीतल्या मुलाच्या हातात जबाबदारीचं पत्रक देण्याची एवढी घाई कशाला? ‘सुटले बिचारे’ हे वाक्य खरं असू शकतं, पण ते म्हणायचा हक्क फक्त शुश्रूषा करणाऱ्याचा. त्याने म्हटलं तर ‘हो, फार सोसलं त्यांनी’ एवढं पुरे. ‘तुझं दुःख मी समजू शकतो’ याचंही तेच. समजू शकत नसतो आपण, आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

मग लिहायचं काय? गेलेल्या माणसाचं नाव लिहावं, किंवा त्याच्याविषयी मित्राने कधीतरी जे सांगितलं होतं ते. इथे ऑनलाइन मित्राकडे एक अशी गोष्ट आहे जी सोसायटीतल्या कोणाकडेही नाही : जुनं चॅट. तिचे बाबा रविवारी सकाळी दादरहून मासळी आणायचे आणि पापलेटच्या भावावरून घरात दर वेळी भांडण व्हायचं, हे तिने तीन वर्षांपूर्वी हसत लिहिलेलं असतं. ‘तू सांगितलेले पापलेटवाले बाबा मला आठवताहेत’ असं लिहिणारा माणूस त्या घरी समाचाराला आलेल्या पन्नास जणांपेक्षा जवळचा ठरू शकतो. डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये दाखवून दिलं की माणसं गेलेल्याशी नातं तोडून पुढे जात नाहीत, ते वेगळ्या रूपात चालू ठेवतात. आठवण काढल्याने जखम चिघळते, ही भीती बहुतेक वेळा आपली असते, त्याची नसते.

बारीकसारीक गोष्टीही आहेत. निळ्या टिका दिसूनही उत्तर नाही आलं तर ‘??’ पाठवू नका. पाच मिनिटांची व्हॉइस नोट पाठवू नका. माणसांनी भरलेल्या घरात ती ऐकायला कोपरा मिळत नाही. फॉरवर्ड बंद. आणि बातमी तुमची नाही : घरच्यांनी सांगण्याआधी तुमच्या ग्रुपवर ‘आपल्या अमक्याचे वडील गेले’ असं टाकू नका. विचारा, ‘मी ग्रुपवर सांगू का? म्हणजे तुला प्रत्येकाला उत्तर द्यावं लागणार नाही.’ ही मदत खरी आहे.

मदतीविषयी बोलायचं तर ‘काही लागलं तर सांग’ म्हणून सुटका करून घेता येत नाही. दुरून करण्यासारखी कामं भरपूर आहेत, कारण मुंबईत मृत्यूनंतर जे सुरू होतं ते बहुतांशी कागदांचं काम असतं. १९६९च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. ती महापालिकेकडे होते. मुलुंडचं काम टी विभागात, घाटकोपरचं एन विभागात, बोरिवलीचं आर मध्य विभागात. प्रमाणपत्राच्या प्रती जास्त घेऊन ठेवाव्या लागतात. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, सोसायटीतल्या भागाचं हस्तांतरण, वीज आणि गॅसचं नाव, सगळीकडे एकेक मागतात. कोणत्या ठिकाणी कोणता अर्ज, सोबत काय जोडायचं, कार्यालयाची वेळ काय, याची यादी घरी बसून करून एका पानात पाठवणारा मित्र म्हणजे अर्धी धावपळ वाचली. अर्ज भरून देता येतो, विम्याच्या कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा लिहून देता येतो. ओटीपी, पासवर्ड मात्र त्याने देऊ केले तरी घेऊ नका. तुमच्यासाठीही आणि त्याच्यासाठीही. शोकातल्या घरावर ठगांची नजर असते, आणि सगळे व्यवहार घरातल्याच हातून झालेले बरे.

एक काम असं आहे की जे दूरच्या मित्रालाच नीट सुचू शकतं, कारण तोही फोनच्या आतच राहतो. गेलेल्या माणसाचा फोन. आई गेल्यावर मुलगी आईच्या नंबरवर मेसेज करत राहते, तिचा ‘लास्ट सीन’ बघत राहते. यात वेडेपणा काही नाही. पण यंत्रणेला हे ठाऊक नसतं. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरात नसलं की साधारणपणे पुसलं जातं, आणि एका सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर आई ‘लेफ्ट’ झालेली दिसते. रिचार्ज न केलेलं सिमकार्ड बंद होतं; बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही, त्यानंतर तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. मग ‘आई’ या नावासमोर एखाद्या अनोळखी तरुणाचा फोटो येतो. हा धक्का टाळता येतो. पहिल्या महिन्यातच हळूच सांगा : चॅट एक्स्पोर्ट करून ठेव, व्हॉइस नोट दुसरीकडे उतरवून घे, सिम सहा महिने तरी चालू ठेव, बँकेचे ओटीपीही त्यावरच येत असतील. कसं करायचं हे जमत नसेल तर पायरीपायरीने लिहून पाठवा.

भेटायला जावं का? मुलुंडहून बोरिवलीला जाता येतं, हे खरंच. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत न विचारता जाऊन उभं राहू नये, असं मी म्हणेन. ते घर माणसांनी भरलेलं असतं आणि तुमच्या मित्राला तुमची ओळख करून देण्याचं एक जास्तीचं काम लागतं. मैत्रीण असेल आणि तुम्ही पुरुष असाल, तर सासरच्या किंवा माहेरच्या बैठकीत ‘हे कोण?’ हा प्रश्न तिच्या वाट्याला येतो, तुमच्या नाही. हे अन्यायाचं असलं तरी त्या आठवड्यात ते सोडवायला जाऊ नका. तेराव्यानंतर, पाहुणे गावी परतल्यावर विचारा. घरी नको असेल तर स्टेशनबाहेरच्या हॉटेलात एक चहा चालेल. पहिलीच भेट अशा वेळी होते आहे म्हणून अवघडायला होईल, होऊ द्या.

तुम्हालाही हे जड जाणार आहे. सुझन सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये एक सोपी आकृती सुचवली. मधल्या वर्तुळात ज्याच्यावर वेळ आली तो, पुढच्यात घरचे, त्यापुढच्यात मित्र, मग ओळखीचे. धीर आतल्या दिशेने द्यायचा, आपली तक्रार बाहेरच्या दिशेने करायची. म्हणजे ‘तुझे मेसेज वाचून मला झोप लागत नाही’ हे त्याला नाही, तुमच्या बायकोला किंवा दुसऱ्या मित्राला सांगायचं. रोजचा साडेनऊचा मेसेज झेपत नसेल तर एक दिवसाआड करा, पण तसं सांगून करा. न सांगता गायब होऊ नका. ज्याच्या घरातून नुकतंच कोणी न सांगता गेलं आहे, त्याच्याशी हे फार क्रूर होतं.

आता ते वाक्य : ‘मला जगावंसं वाटत नाहीये.’ शोकात हे पुष्कळ जण म्हणतात आणि बहुतेकांचा अर्थ थकवा असतो. पण अंदाज बांधत बसायचं नाही, सरळ विचारायचं : ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला, आणि कसं, कधी हेही ठरलेलं दिसलं, तर त्याला एकटं सोडू नका. बोलत राहा आणि दुसऱ्या फोनवरून त्याच्या जवळच्या माणसाला गाठा. इथे ऑनलाइन मैत्रीचं सगळ्यात मोठं छिद्र उघडं पडतं : वर्षानुवर्षं बोलूनही आपल्याकडे त्याचा पत्ता नसतो, भावाचा नंबर नसतो. हे साध्या दिवसांतच मागून ठेवा. पत्ता असेल तर ११२वर मदत मागता येते. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही मिळते. घाटकोपरपासून फार लांब नसलेल्या देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवा २०१२पासून आहे. तिथे ईमेल आणि चॅटवरही बोलता येतं. ज्याला फोनवर तोंड उघडवत नाही त्याला हे सोपं जातं. मुलुंडच्या पलीकडेच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये स्थापन केलेली आयपीएच संस्था आहे. पोलिसांच्या भीतीने लोक गप्प बसतात, त्यांना सांगा की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत अशी तरतूद केली आहे.

जीवाचा धोका नसला तरी शोक कधीकधी अडकून बसतो. आजारांच्या जागतिक वर्गीकरणात सहा महिन्यांनंतरही, आणि अमेरिकेतल्या मनोविकारांच्या २०२२च्या सूचीत प्रौढांसाठी वर्षानंतरही, जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ असेल आणि माणूस कामधाम, माणसं यांपासून तुटलेला असेल, तर त्याला लांबलेला शोक म्हटलं आहे. त्यावर उपचार आहेत. आपल्याकडे वर्षभर सण न करण्याची रीत असल्यामुळे वर्षाच्या आतली शांतता कोणाला खटकत नाही. म्हणून तुम्हीच थोडं लक्ष ठेवा. तो पूर्वी ज्या गेममध्ये, ज्या चर्चेत यायचा तिथे अधूनमधून डोकावतो का? हसतो का? नुसतं वाईट वाटत असणं म्हणजे आजार नव्हे.

सण हाच खरा अवघड काळ. पहिल्या दिवाळीत त्या घरी तळण होत नाही, म्हणून नातेवाईक फराळाचे डबे नेऊन देतात. दूरच्या मित्राने त्या दिवशी शुभेच्छांचं रंगीत चित्र पाठवू नये. ‘आज तुमच्याकडे दिवाळी नाही हे लक्षात आहे’ एवढं लिहावं. तेवढी जवळीक असेल तर डबा कुरिअरने पाठवायलाही हरकत नाही. गेलेल्याचा वाढदिवस, आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस, पितृपक्ष, वर्षाची तारीख हे सगळं फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, ‘दरवर्षी’ची खूण करून. चौथ्या महिन्यानंतर बाकीचे फोन जवळजवळ थांबलेले असतात.

आणि हे वाचताना एखादं नाव डोळ्यांसमोर आलं असेल, ज्याला तेव्हा फक्त हात जोडलेली इमोजी पाठवून तुम्ही गप्प झालात, तर त्याला आज लिहा. आठ महिने झाले असले तरी चालेल. ‘तेव्हा काय लिहावं सुचलं नव्हतं. कसा आहेस?’ एवढं पुरेसं आहे.